तो मिस्त्रीच असावा

तुरुंगातून येणाऱ्या पत्रांच्या अक्षरावरून माणूस कळत नाही, बराक कळते. एका बराकीत नीट लिहिता येणारे दोन-तीनच जण असतात, तेच सगळ्यांचे अर्ज लिहून देतात. आमच्या फायलींमध्ये एक गोल, शाळामास्तरी अक्षर वर्षानुवर्षं येत होतं. मजकूरही ठरलेला: ‘मी निरपराध असून मला खोट्या केसमध्ये गोवण्यात आले आहे, तरी माझ्या वृद्ध आईवडिलांकडे पाहून…’ अशी पत्रं आम्ही वाचतो, नोंदवहीत चढवतो आणि खरं सांगायचं तर बरेचदा तिथंच थांबतो.

२०२१च्या फेब्रुवारीत त्याच अक्षरात एक पत्र आलं. त्यात ‘निरपराध’ हा शब्दच नव्हता. ‘त्या रात्री मी स्लॅबवर होतो. हे मी पहिल्याच दिवशी सांगितले होते. कोणीतरी जाऊन स्लॅब बघून यावे.’ खाली अंगठा.

हा माणूस गवंडी. तुरुंगात सगळे त्याला मिस्त्री म्हणायचे, मीही इथं तेच म्हणणार आहे. जिल्हा कोणता, पोलीस ठाणं कोणतं, खंडपीठ कोणतं, हे लिहिणार नाही. त्याच्या मुलीला तसा शब्द दिलाय. बापाचं नाव त्या गुन्ह्याला जोडून एकदा पेपरात आलं तेवढं पुरे, असं तिचं म्हणणं, आणि ते मला पटतं.

आमची टीम म्हणजे भाड्याच्या दोन खोल्या, मी, दोन ज्युनिअर, समाजकार्य शिकलेली एक मुलगी, उन्हाळी सुट्टीत येणारे लॉ कॉलेजचे दोन-चार विद्यार्थी आणि काका. काका जिल्हा न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. चाळीसेक वर्षं त्यांनी कोर्टाचे कागद हाताळले, लावले, शिवले. वकिलांबद्दल त्यांचं मत फारसं बरं नाही. पैसे काही ज्येष्ठ वकिलांच्या देणग्यांतून आणि एका छोट्या न्यासाकडून येतात, आणि मार्च महिना नेहमीच कडकीत जातो. आम्ही फक्त एकच काम करतो: ज्यांना शिक्षा लागली आहे, ज्यांचं अपील पडून आहे आणि ज्यांचा खटला कोणी नीट वाचलेला नाही, अशा लोकांचे कागद परत वाचतो.

टीमप्रमुख म्हणून माझं मुख्य काम युक्तिवाद करणं असेल असं लोकांना वाटतं. माझं मुख्य काम ‘नाही’ म्हणणं. चाळीस पत्रं आली तर तीन-चार प्रकरणं घेता येतात. माझ्या ज्युनिअरचं सुरुवातीला यावरून माझ्याशी भांडण व्हायचं. ती विचारायची, ‘मॅडम, हा निर्दोष आहे की नाही हे आपण ठरवणार कसं?’ मी म्हणायची, ठरवायचंच नाही. आपण एकच बघायचं, कागदात न वाचलेलं काही आहे का. एकदा आम्ही हे विसरलो होतो. एका तरुण मुलाच्या डोळ्यांवर विश्वास ठेवून आठ महिने घातले आणि शेवटी आम्हीच काढलेल्या मोबाइलच्या नोंदींनी दाखवलं की तो सांगतो त्या जागी तो नव्हताच. त्याचं अपील आम्ही चालवलं, तो त्याचा हक्क होता. पण त्या दिवसापासून ऑफिसात डोळ्यांबद्दल कोणी बोलत नाही.

मिस्त्रीचं पत्र मी ‘हो’च्या गठ्ठ्यात टाकलं ते त्यातल्या क्रियापदामुळे. ‘मला सोडवा’ असं तो म्हणत नव्हता, ‘बघून या’ म्हणत होता.

प्रकरण तसं साधं होतं. २०११चा मे महिना. एका छोट्या ठेकेदाराचा रात्री डोक्यात हातोडा घालून खून झाला. मिस्त्रीची त्याच्याकडे मजुरीची बाकी होती, चार दिवसांपूर्वी चौकात दोघांची बोलाचाली झाली होती. तिसऱ्या दिवशी अटक. प्रत्यक्ष बघणारा कोणी नाही. परिस्थितीजन्य पुरावा असा: बाकीवरून भांडण, रात्री अकराला घटनास्थळाजवळच्या रस्त्यावर पाहिल्याची एका पानटपरीवाल्याची साक्ष आणि आरोपीच्या निवेदनावरून वाळूच्या ढिगातून काढून दिलेला हातोडा. २०१३मध्ये जन्मठेप.

अपील तुरुंगातूनच गेलं, तेही चारशेहून अधिक दिवस उशिरा. विलंबमाफी झाली, विधी सेवेतून वकील नेमले गेले, शिक्षेला स्थगिती मागितली ती नामंजूर झाली, आणि मग ते अपील इतर हजारो अपिलांसारखं रांगेत जाऊन बसलं. मधल्या काळात त्याने एकदाही संचित रजा (फर्लो) घेतली नव्हती, कारण जामीन राहायला गावातून कोणी तयार नव्हतं. करोनात आपत्कालीन अभिवचन रजा (पॅरोल) मिळू लागली तेव्हा सात वर्षांहून जास्त शिक्षेच्या बंद्यांसाठी एक अट होती: आधीच्या दोन सुट्ट्यांवरून वेळेवर परत आलेला असला पाहिजे. जो कधी बाहेर पडलाच नाही तो परत येणार कुठून? त्यामुळे ती रजाही गेली.

उच्च न्यायालयात अपिलासाठी ‘पेपरबुक’ तयार होतं. खालच्या कोर्टातल्या साक्षी, पंचनामे, अहवाल, निकाल असं सगळं इंग्रजीत टाइप करून बांधलेलं पुस्तक. आम्ही वकील तेच वाचतो. माझ्या ज्युनिअरने तीन आठवड्यांत पेपरबुक वाचून चांगलं टिपण केलं. हातोडा जप्त करताना लाखेचं सील नाही, नुसतं कागदी लेबल. प्रयोगशाळेकडे पाठवला बावीस दिवसांनी. रासायनिक विश्लेषकाचा अहवाल: मानवी रक्त, गट निश्चित करता आला नाही. पंच तिन्ही पंचनाम्यांना एकच, आणि उलटतपासात त्याने कबूल केलेलं की त्याची चहाची गाडी ठाण्याच्या दारातच असते. अशी टिपणं आमच्याकडे ढिगाने आहेत. प्रत्येक प्रकरणात हे असतंच. यातल्या एकेका मुद्द्यावर कोणी सुटत नाही, आणि पानटपरीवाल्याची साक्ष तर पेपरबुकात अगदी ठाम होती: रात्री अकराला मी आरोपीला पिशवी घेऊन जाताना पाहिलं.

मी पुन्हा हातोड्याकडे वळले. तेव्हा झाली नव्हती ती डीएनए तपासणी आता मागता आली तर? काकांनी निकालाचं शेवटचं पान काढून माझ्यापुढे ठेवलं. ‘मुद्देमाल मूल्यहीन असल्याने अपिलाची मुदत संपल्यानंतर नष्ट करावा.’ अपील उशिरा गेलं होतं. मुदत संपली तेव्हा कागदोपत्री अपील नव्हतंच, आणि हुकूम तंतोतंत पाळला गेला होता. हातोडा, रक्ताळलेला शर्ट आणि मिस्त्रीची हत्यारांची पिशवी, म्हणजे करणी, ओळंबा, रंधा, गुण्या, सगळं नष्ट. मला त्या दिवशी हातोड्याचं वाईट वाटलं. मिस्त्रीला पुढे हे सांगितलं तेव्हा त्याला ओळंब्याचं वाटलं. तो पितळी होता, त्याच्या बापाचा.

काका मात्र एकाच गोष्टीवर अडून बसले: मूळ रेकॉर्ड बघायचं. ‘पेपरबुक म्हणजे उष्टं,’ असं ते म्हणतात. खालच्या कोर्टाचं रेकॉर्ड उच्च न्यायालयाने मागवलेलं असतं. परवानगी काढून ते शाखेत बसून पाहता येतं. दोन दिवस काका आणि ज्युनिअर तिथं बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. पलीकडे ती काही बोलेना. मग काकांनी फोन घेतला आणि एक वाक्य वाचून दाखवलं.

आपल्याकडे साक्ष बहुतेकदा दोन भाषांत उतरते. साक्षीदार मराठीत बोलतो. कारकून मराठीत लिहून घेतो, ती त्याला वाचून दाखवतात, त्यावर तो सही करतो. त्याच वेळी न्यायाधीश इंग्रजीत नोंद करत असतात. पेपरबुकात इंग्रजी गेली होती. मराठीत पानटपरीवाला म्हणाला होता:

‘रात्री अकराचे सुमारास मी टपरी बंद करीत असताना एक इसम हातात पिशवी घेऊन जाताना दिसला. लाइट नव्हती. चालण्यावरून तो मिस्त्रीच असावा असे मला वाटले.’

लाइट नव्हती हे बरोबरच होतं; २०११च्या मे महिन्यात आमच्या भागात भारनियमन किती तासांचं होतं हे कोणालाही आठवेल. इंग्रजीत ‘लाइट नव्हती’ होतं, ‘चालण्यावरून’ नव्हतं, ‘असे मला वाटले’ नव्हतं, आणि ‘असावा’चा सरळ ‘होता’ झाला होता. यात कोणाचं कपट होतं असं मला वाटत नाही. दिवसाला सहा-सात साक्षीदार, वर पंखा बंद, पुढे वकिलांची घाई. पण साक्ष ऐकणाऱ्या न्यायाधीशांची मध्येच बदली झाली होती आणि निकाल त्यांच्या जागी आलेल्या न्यायाधीशांनी लिहिला होता. कायद्याला ते मान्य आहे, आधीच्या न्यायाधीशांनी नोंदवलेला पुरावा नंतरच्यांना वापरता येतो. फक्त ज्यांनी निकाल लिहिला त्यांनी तो माणूस कधी ऐकलाच नव्हता. त्यांच्यापुढे इंग्रजी नोंद होती.

परिस्थितीजन्य पुराव्याचा कायदा आपल्याकडे ज्या निकालांवर उभा आहे, त्यांतले दोन योगायोगाने महाराष्ट्रातले. १९७३चा बोबडे खटल्यातला आणि १९८४चा पुण्याच्या सारडा खटल्यातला. ‘केलं असेल’ आणि ‘केलंच असलं पाहिजे’ यांच्यातलं अंतर लांब आहे, ही बोबडेतली ओळ सारडात पुन्हा येते, आणि फौजदारी वकिली करणाऱ्या प्रत्येकाला ती पाठ असते. गंमत अशी की त्याच बोबडे निकालात न्यायालयाने आरोपींची शिक्षा कायम ठेवली होती, आणि संशयाच्या फायद्याचं अति स्तोम माजवू नये असंही बजावलं होतं. त्यामुळे सरकारी वकील आणि आम्ही एकाच निकालातले वेगवेगळे परिच्छेद वाचतो. ही ओळ मी वीस वर्षं कोर्टात म्हणत आले. ते अंतर मराठीत एका शब्दाचं असतं, हे काकांनी फोनवर ते वाक्य वाचेपर्यंत मला कळलं नव्हतं.

आणि स्लॅब?

आमची समाजकार्यवाली मुलगी एसटीने दोनदा जाऊन आली. मिस्त्रीला गावाचं नाव आठवत होतं, घरमालकाचं नाही; ‘गिरणीवाल्याचं घर’ एवढंच. गिरणी बंद होऊन सहा वर्षं झाली होती. घर सापडलं. त्यावर आता दुसरा मजला चढलेला, म्हणजे मिस्त्रीचा स्लॅब आता कोणाच्या तरी फरशीखाली. पण घरमालकाला तो दिवस चांगला आठवत होता. गावात घराचा स्लॅब पडतो तो दिवस कोणी विसरत नाही. मिक्सर बंद पडला होता, म्हणून काम दुपारी तीनऐवजी संध्याकाळी सातला सुरू झालं आणि पहाटेपर्यंत चाललं. स्लॅब एकदा सुरू केला की मध्ये थांबवता येत नाही, सांधा राहतो. पहाटे पाचला सगळ्या मजुरांना मटणाचं जेवण घातलं, मिस्त्रीला आहेर केला. ‘तो तर इथंच होता की,’ घरमालक म्हणाला. मग इतकी वर्षं बोलला का नाहीस? तर कोणी विचारायलाच आलं नाही, आणि पोलिसांच्या भानगडीत आपण होऊन कोण पडतो.

तारखेचा पुरावा म्हणून आम्ही मुकादमाची हजेरी-वही शोधायला लागलो. चार महिने गेले त्यात. मुकादम करोनात वारला होता. त्याच्या मुलाने सांगितलं की जुन्या वह्या बंब पेटवायला वापरल्या. निघता निघता घरमालकाच्या नातवाने आमच्या मुलीला मागच्या अंगणात नेलं. उरलेल्या मालात त्या रात्री पाण्याच्या टाकीचा चौथरा ओतला होता. त्यावर ओल्या सिमेंटात खिळ्याने कोरलेलं: श्री. १४/५/११.

तिने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. ऑफिसात आरडाओरडा झाला. पेढे आणायची भाषा सुरू झाली. मी म्हटलं, थांबा.

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि त्याचं कारण आनंद नव्हतं. अपिलात नवा पुरावा देता येतो. त्यासाठी तेव्हा फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३९१ होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेत ४३२ आहे. पण तो मान्य झाला तर साक्ष नोंदवायला प्रकरण बहुधा खाली जाणार. समन्स, तारखा, उलटतपास, परत वर. दीड-दोन वर्षं सहज. शिवाय आपण दुसरीकडे होतो हे सिद्ध करायचा भार आरोपीवर. ओल्या सिमेंटात तारीख कोणीही कोरू शकतं. ते गाव घटनास्थळापासून तीस किलोमीटर. मोटारसायकलवर मध्येच जाऊन येता येतं, असं सरकारी वकील पहिल्या पाच मिनिटांत म्हणणार. दहा वर्षांनी घरमालकाला आठवतं कसं, हा प्रश्न तर ठेवलेलाच. आज खटल्यातली भोकं सरकारच्या बाजूला आहेत. नवा पुरावा आणला की आपल्या बाजूची भोकं मोजायला सुरुवात होते.

उलट नुसत्या रेकॉर्डवर लढलो तर सुटायची शक्यता बरी होती. पण मग निकालात त्याच्या स्लॅबबद्दल एक अक्षरही येणार नव्हतं.

ज्युनिअर चिडली. ‘आपल्याकडे तो निर्दोष असल्याचा पुरावा आहे आणि आपण तो लपवायचा?’ तिचं चूक नव्हतं. नाशिकचं प्रकरण तिने मला ऐकवलं: भटक्या जमातीतले सहा मजूर, २००३चा गुन्हा, २००९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीची शिक्षा दिलेली. पुढे २०१४मध्ये फाशीच्या पुनर्विलोकन याचिका खुल्या न्यायालयात ऐकायच्या असं ठरलं, म्हणून दार परत उघडलं आणि मार्च २०१९मध्ये तेच सहा जण निर्दोष सुटले. वाचलेल्या साक्षीदार बाईंनी पोलिसांच्या अल्बममधून दुसऱ्याच चौघांना ओळखलं होतं, त्या दिशेने तपासच झाला नव्हता. ‘तिथं न्यायालयाने स्पष्ट लिहिलं ना?’ ती म्हणाली. लिहिलं. सोळा वर्षांनी.

हा निर्णय माझा नव्हता, म्हणून मी ज्याचा होता त्याच्याकडे गेले. मुलाखतीच्या खिडकीत काच, मध्ये फोन, मागे रांग. मिस्त्री तोवर पन्नाशीला आलेला, दाढी पांढरी. एका हाताने रिसीव्हर धरून दुसऱ्या हाताने तो सतत खिडकीच्या कडेचं प्लास्टर चाचपत होता. चौथऱ्याचा फोटो मी काचेला लावून दाखवला. त्याने बराच वेळ पाहिला.

‘माझंच अक्षर. श्री मला लिहिता येतं,’ तो म्हणाला. अंगठा लावणाऱ्या माणसाला ‘श्री’ आणि आकडे येत होते. हे कोणी विचारलं नव्हतं.

मी दोन्ही वाटा सांगितल्या. दोन वर्षं जास्त लागतील म्हटल्यावर त्याने विचारलं, ‘खरी दोन का कोर्टाची दोन?’

मी खोटं बोलले नाही.

मग मी त्याला फौजदारी कलम ३१३च्या जबाबाबद्दल विचारलं. खटल्याच्या शेवटी न्यायाधीश आरोपीला पुराव्यातल्या एकेका गोष्टीबद्दल विचारतात, त्याची बाजू सांगायची ती मोठी संधी. त्याला चौसष्ट प्रश्न विचारले होते. उत्तरं: खोटे आहे, खोटे आहे, माहीत नाही, खोटे आहे. शेवटचा प्रश्न, ‘तुम्हाला आणखी काही सांगायचे आहे काय?’ उत्तर: नाही. स्लॅबचं तिथं का नाही बोललात?

‘वकीलसाहेब म्हणले, नाही म्हणा. आपण पैसे न देता मिळालेला वकील, त्याला उलट कसं बोलायचं?’

निघताना तो म्हणाला, ‘मॅडम, आधी बाहेर काढा. स्लॅब कुठं पळून चाललाय.’

मुलगी त्याच्या अटकेच्या वेळी सहा वर्षांची होती. आता ती बारावी देत होती. मी ३९१चा अर्ज केला नाही. ज्युनिअर दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली.

लवकर सुनावणीचा अर्ज मंजूर होऊन अपील अंतिम सुनावणीच्या बोर्डावर आलं. बोर्डावर येणं म्हणजे सुनावणी होणं नव्हे. नऊ तारखा. नंबर लागला नाही, खंडपीठ बसलं नाही, सरकारी वकिलांनी वेळ मागितला, परत नंबर लागला नाही. प्रत्येक तारखेच्या आदल्या रात्री तयारी करायची आणि संध्याकाळी तीच फाइल परत कपाटात. या दिवसांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, पण आमच्या कामाचा मोठा भाग हाच आहे.

२०२३च्या ऑक्टोबरात एका मंगळवारी दुपारच्या सत्रात पुकारा झाला. हातोड्याचा, पंचाचा, सीलचा मुद्दा मी मांडला. साक्षीचा भाग ज्युनिअरला दिला. एवढ्या मोठ्या अपिलात दोन वर्षांच्या वकिलाला उभं करणं शहाणपणाचं नव्हतं, पण ते वाक्य तिने शोधलं होतं. (काकांनी शोधलं होतं, पण काकांना उभं राहता येत नाही.) तिने पेपरबुकातलं पान दाखवलं आणि मूळ निशाणी, म्हणजे मराठीतली सही केलेली साक्ष, पाहण्याची विनंती केली. न्यायमूर्तींनी रेकॉर्ड वर मागवलं. एक न्यायमूर्ती मराठी, दुसरे नाहीत. मराठी न्यायमूर्तींनी ते वाक्य दोनदा मनात वाचलं, मग मोठ्याने.

पुढचा अर्धा तास मी विसरणार नाही. सरकारी वकील हुशार आणि सरळ माणूस. भाषांतर चुकलं हे त्यांनी लगेच मान्य केलं. पण ते ‘च’वर आले. ‘मिस्त्रीच असावा, मायलॉर्ड. नुसता मिस्त्री असावा नव्हे. च लावला म्हणजे साक्षीदाराची खात्री होती.’ ज्युनिअर क्षणभर गप्प झाली. मी उठणार तेवढ्यात ती म्हणाली, खात्री असलेला माणूस ‘मिस्त्रीच होता’ म्हणतो. दारावर थाप पडल्यावर आपण ‘दूधवालाच असावा’ म्हणतो तेव्हा दार अजून उघडलेलं नसतं. दुसऱ्या न्यायमूर्तींनी आपल्या सहकाऱ्याकडे पाहिलं. सहकारी हसले नाहीत, पण त्यांनी पेन्सिलीने काहीतरी लिहिलं. मग ‘चालण्यावरून’ आलं. त्याच्या चालण्यात वेगळं असं काय होतं, हे खालच्या कोर्टात कोणीच विचारलेलं नव्हतं. मी मिस्त्रीला चालताना पाहिलंय. त्यात काहीही वेगळं नाही.

निकाल राखून ठेवला आणि नोव्हेंबरात एका शुक्रवारी दिला. अपील मंजूर. ‘संशयाचा फायदा देऊन निर्दोष मुक्तता करण्यात येते. अन्य कोणत्याही गुन्ह्यात आवश्यक नसल्यास तात्काळ मुक्त करावे.’ तात्काळ म्हणजे सोमवार संध्याकाळ, कारण सही-शिक्क्याची प्रत निघायला शुक्रवारचं ऑफिस संपलं होतं. वर कलम ४३७-अ खाली मुचलका: सरकार वर गेलंच तर हजर राहीन म्हणून, सहा महिन्यांसाठी. मिस्त्रीने अंगठा लावता लावता विचारलं, ‘सुटलो ना? मग हे कशाचं?’ काकांनी त्याला समजावलं. मला ते जमलं नसतं.

तुरुंगाच्या दारात मुलगी आली होती, तिच्या मामाबरोबर. आई तीन वर्षांपूर्वी गेली होती. ती बातमी मिस्त्रीला आत कळली होती. बापलेक एकमेकांकडे बघत उभे राहिले. मग तिने त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाली, ‘चला, एसटी साडेसातची आहे.’ आमच्या टीममधल्या दोघी रडल्या, त्या दोघांपैकी कोणी नाही.

आठ-दहा दिवसांनी त्याचा फोन आला. गावात कोणीतरी निकालाची बातमी वाचून दाखवली होती. ‘मॅडम, लोक म्हणतात तू काय निर्दोष नाहीस, तुला संशयाचा फायदा मिळाला. साडेबारा वर्षं आत होतो. फायदा कसला?’

वकिलाला यावर उत्तर येतं. शिक्षा रद्द झाली की कायद्यात ती पूर्ण मुक्तता असते, वगैरे. मी ते त्याला सांगितलं आणि फोन ठेवल्यावर ज्युनिअरकडे बघायचं टाळलं.

भरपाईचं म्हणाल तर तसा कायदाच नाही. १९८३मध्ये रुदल शाह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बिहार सरकारला ३५,००० रुपये द्यायला लावले, निर्दोष सुटल्यावरही चौदा वर्षं डांबून ठेवल्याबद्दल. नाशिकच्या सहा जणांना प्रत्येकी पाच लाख देण्याचा आदेश झाला. विधी आयोगाने २०१८च्या २७७व्या अहवालात चुकीच्या खटल्यांच्या भरपाईसाठी वेगळा कायदा आणि विशेष न्यायालयं सुचवली. अहवाल चांगला आहे, मी विद्यार्थ्यांना वाचायला लावते. मिस्त्रीसाठी आम्ही याचिका केली आहे. त्यात नष्ट केलेल्या हत्यारांची यादी जोडायची होती, तेव्हा त्याने सांगितलं की पितळी ओळंब्याची किंमत लिहू नका, तो विकत मिळत नाही.

गेल्या मे महिन्यात तो ऑफिसात आला. आता तो मामाच्या गावात राहतो, प्लास्टरची छोटी कामं घेतो. म्हणाला, स्लॅब बघायचाय. मी, ज्युनिअर आणि काका, तिघंही त्याच्याबरोबर गेलो. घरमालकाने चहा केला, नातवाने चौथरा दाखवला. ज्युनिअरने मिस्त्रीचा त्या तारखेशेजारी उभं राहिलेला फोटो काढला. तो कोणत्याही फायलीत लागणार नाही. मग मिस्त्री घरात गेला आणि मान वर करून खालून स्लॅब बघायला लागला. खुर्ची मागितली, तीवर चढला, एका कोपऱ्यातल्या बारीक भेगेवरून बोट फिरवलं.

‘याला पाणी मारलं नव्हतं का?’ त्याने घरमालकाला विचारलं.

‘मे महिना, मिस्त्री. टँकर चौथ्या दिवशी यायचा.’

‘एकवीस दिवस तरी मारायला सांगितलं असतं मी,’ तो म्हणाला. ‘पण मला तिसऱ्याच दिवशी नेलं.’